चेहऱ्याला हात

“चेहऱ्याला हात लावायचा नाही.” मुंबईत मिळालेल्या पहिल्या कामाची पहिली अट ही होती. मास्तर एवढंच बोलले आणि सरसाची बादली माझ्याकडे सरकवली. साल १९७९. ग्रँट रोडला एका थिएटरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस फुटी कपडा ताणून लावला होता. त्यावर कुणा नटाचा जबडा नुकता उमटायला लागला होता आणि मी कोल्हापूरहून आणलेली चित्रांची गुंडाळी काखेत धरून उभा होतो. ती उघड असं त्या दिवशी मला कुणी म्हणालं नाही.

त्याआधीचे साडेतीन महिने मी काम शोधत फिरत होतो. वडील महाद्वार रोडच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रश धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झालो होतो आणि गावात माझ्या पोर्ट्रेटचं नावही होतं. महालक्ष्मी एक्सप्रेसने दादरला उतरताना वाटलं होतं की चित्रं दाखवायचा अवकाश. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये सिनेमा वितरकांची ऑफिसं होती आणि महालक्ष्मीच्या फेमस बिल्डिंगमध्ये निर्मात्यांची. दोन्हीकडचे जिने मला पाठ झाले. तिथली माणसं निदान चित्रं बघायची, ‘छान आहेत, पुढच्या आठवड्यात ये’ म्हणायची. बॅनरच्या कारखान्यांत तेवढंही नव्हतं. तिथे पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असायचा, “कुणाकडून आलास?”

मी कुणाकडूनच आलो नव्हतो. या धंद्यात जाहिरात नव्हती, अर्ज नव्हता, परीक्षाही नव्हती. मास्तरांचा भाचा, भाच्याच्या गावचा पोरगा, त्या पोराचा मेव्हणा, अशी माणसं आत यायची. जागा रिकामी व्हायची ती कुणी आजारी पडलं, भांडून गेलं किंवा गावी अडकलं तरच. माझंही तसंच झालं. कपड्याला सरस लावणारा एक गडी आषाढात भातलावणीला कोकणात गेला आणि ठरल्या दिवशी परतला नाही. लालबागच्या आमच्या खोलीतला एक गिरणी कामगार त्याच्या ओळखीचा होता. त्याने रात्री मला सांगितलं, मी पहाटे शेडच्या दाराशी जाऊन बसलो. माझ्या हाताची करामत बघून मला कुणी घेतलं नव्हतं. त्या सकाळी शुक्रवारला तीन दिवस उरले होते आणि बादली उचलायला माणूस नव्हता, म्हणून मी आत गेलो.

हा दरवाजा इतका अरुंद का, याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी आमच्याच गावच्या इतिहासात मिळालं. कोल्हापुरात पेंटर हा शब्द आडनावासारखा लावतात. बाबूराव मेस्त्री यांचे बाबूराव पेंटर झाले ते असेच. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या कंपनीला राजवाडा, अरण्य, रस्ता असे पडदे लागत आणि पडद्यावरची खोली खरी वाटली की प्रेक्षक टाळ्या देत. गावोगावच्या कंपन्या हाच त्या काळात चित्रकाराचा मोठा आधार होता. सिनेमा आला आणि हा आधार खचणार हे या दोघा भावांनी फार लवकर ओळखलं. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी तो घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. शिष्य दामल्यांच्या साथीने बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, गायिका तानीबाई कागलकरांनी पैसे घातले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

पडदे रंगवणाऱ्यानेच सिनेमा काढल्यामुळे सिनेमाची जाहिरातही चित्रकाराच्या हातात राहिली. बाबूराव पोस्टरं स्वतः करत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज हाती असलेल्या जुन्यांतल्या जुन्या भारतीय पोस्टरांत धरलं जातं. त्यांच्या कंपनीत माणसं शिकली तीही हाताखाली राहून. फत्तेलाल, दामले, शांताराम ही सगळी मंडळी त्याच वास्तूतली. म्हणजे हाताखाली राहायचं, सांगेल ते करायचं आणि वेळ आली की ब्रश मिळायचा, ही रीत नाटकाच्या पडद्यापासून चालत आली होती. कोल्हापुरात ती रीत जाचत नव्हती, असं मला वाटतं. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे ‘कुणाकडून आलास’ याचं उत्तर प्रत्येकाकडे होतं. तीच रीत मुंबईला गेली तेव्हा बाहेरच्या पोरासाठी ती भिंत झाली.

आणि मुंबईला जाणं भागच होतं. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. बाबूराव स्वतः पुन्हा चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तो त्यांनी पुन्हा उभा केला, पण ब्रशवर पोट असणाऱ्यांचा ओघ तोवर मुंबईकडे लागला होता.

मुंबईत आधीच गर्दी होती. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तिशीच्या दशकात ग्रँट रोडच्या आसपास सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, तेही स्क्वेअर फुटावर. गुलबर्ग्याकडून आलेले एस. एम. पंडित मेट्रो थिएटरसाठी परदेशी चित्रपटांची शो कार्डं करत. गोव्याचे रघुवीर मुळगावकर मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर पोचले. आमच्या कोल्हापूरचे जी. कांबळे शांतारामांच्या राजकमल स्टुडिओत होते. १९६० साली मराठा मंदिरला ‘मुघल-ए-आझम’ लागला तेव्हा थिएटरवरची ती भव्य चित्रं त्यांची होती. सरकारी कचेऱ्यांत शिवछत्रपतींचं जे अधिकृत चित्र असतं, तेही त्यांच्याच हातचं. माझ्या काळी दिवाकर करकऱ्यांचा दबदबा होता. ‘दीवार’च्या पोस्टरवरचे ते सुरीने ओढलेले जाड फटकारे आम्ही शेडमध्ये कपड्याच्या तुकड्यांवर लपून करून बघायचो.

ही नावं आदराने घ्यावीत अशीच आहेत. पण या धंद्याचा इतिहास लिहिताना सगळे इथेच थांबतात, ते मला पटत नाही. वीस बाय दहाच्या कपड्यावर एका माणसाची सही असायची आणि हात सहा जणांचे असायचे.

ते कसे, ते सांगतो. आधी कपडा लाकडी चौकटीवर ठोकायचा. त्याला सरस आणि सफेद्याचं अस्तर द्यायचं, पावसाळ्यात ते वाळत नाही म्हणून खाली शेगडी ठेवायची. मग फोटोवर बारीक चौकटी पाडायच्या आणि दोरीला रंग लावून कपड्यावर तितक्याच मोठ्या चौकटी मारायच्या. नंतर नंतर रात्री अंधार करून प्रोजेक्टरने फोटो कपड्यावर टाकायचा आणि कोळशाने रेषा ओढायच्या. भुकटीचे रंग अळशीच्या तेलात घोटायचे. हे काम हाताच्या कोपरापर्यंत चढतं, रॉकेलने धुतलं तरी नखांतून जात नाही. एक जण आभाळ आणि ज्वाळा भरायचा, एक कपडे आणि दागिने. अक्षरांचा माणूस वेगळा. आमच्याकडचा रत्नागिरीचा होता, आखणी न करता हातभर उंचीची देवनागरी अक्षरं ओढायचा आणि सिनेमाचं नाव कितीही लांब असो, शेवटचं अक्षर बरोबर कडेपासून चार बोटांवर आणायचा. सगळ्यात शेवटी मास्तर यायचे. ते चेहरे करायचे.

चेहऱ्याचं तंत्र मी लांबून चोरून शिकलो. जवळून बघितलं तर ते विद्रूप दिसायचं. गालावर भडक केशरी, मानेखाली निळा, नाकाच्या बाजूला सरळ जांभळा पट्टा. रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं की त्याच रंगांतून कातडी जिवंत व्हायची. बसच्या खिडकीतून दोन क्षण बघणाऱ्या माणसासाठी ते चित्र असायचं. मास्तर दर दहा मिनिटांनी शेडबाहेर जाऊन डोळे बारीक करून बघायचे आणि परत येऊन एकच फटकारा मारायचे.

हिशोब स्क्वेअर फुटावर होता. मालकाला थिएटरकडून फुटावर पैसे, मास्तरांना त्यातला वाटा आणि आम्हाला रोज. चेहरा छोटा असो की मोठा, कपड्याचे फूट तेवढेच. म्हणून घाई. गुरुवारी रात्री बॅनर चढलंच पाहिजे. गुरुवारची रात्र आम्ही कधी झोपलो नाही. सिनेमा पडला की पैसे लांबायचे. एका दिवाळीला मालकाने हात वर केले, कारण त्याला वितरकाकडून यायचे होते ते आलेच नाहीत. मी आईला पाठवायची मनिऑर्डर चुकवली, आणि ते दुःख माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

त्या दिवसांत मला तारलं ते खाणावळीच्या मावशींनी. लालबागला आमच्या खोलीत चौदा जण होतो, बहुतेक गिरणीतले, पाळीपाळीने झोपणारे. मावशी सातारच्या, नवरा गिरणीत. माझ्याकडे काम नव्हतं त्या साडेतीन महिन्यांत त्यांनी वहीत माझ्या नावापुढे फक्त रेघा मारल्या आणि पैशांचं नाव काढलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिन्यामागून महिने गेले. खोलीतली माणसं एकेक करून गावी परतली आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मावशींनीही चूल बंद केली. गिरणगावातल्या अशा खाणावळींनी आणि खोल्यांनी किती नट, किती वादक, किती पेंटर काम मिळेपर्यंत जगवले, याची नोंद कुठल्याच सिनेमाच्या पुस्तकात मला सापडली नाही. कलाकाराला काम मिळेपर्यंत कुणीतरी जेवू घालावं लागतं. मुंबईत ते गिरणी कामगारांच्या पगारावर चाललं होतं. संपानंतर गावाहून येणाऱ्या पोराला टेकायला जागाच उरली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ आला, मग नव्वदीच्या अखेरीला फ्लेक्स छापणारी यंत्रं आली. आम्ही सहा जण तीन दिवस जे करायचो, ते यंत्र तासाभरात ओकू लागलं. कोणी नाटकाचे पडदे, कोणी गणपतीचे देखावे, कोणी शाळांच्या भिंतींवर फळं आणि प्राणी रंगवू लागलं. रत्नागिरीचा अक्षरवाला नंबरप्लेटा लिहायचा. ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये मात्र शेख रहमान आणि त्यांचे साथीदार नंतरही कितीतरी वर्षं जुन्या सिनेमांची बॅनरं हाताने रंगवत राहिले, त्यांच्यावर परदेशी लोकांनी माहितीपटही केला. मी कोल्हापूरला परतलो. आता इंटरमिजिएटच्या मुलांना शिकवतो. भाची पुण्यात अ‍ॅनिमेशनचं काम शोधते आहे. तिला एकेका ठिकाणी नमुना म्हणून आठ-आठ दिवसांचं काम फुकट करून द्यायला सांगतात. तिने मला विचारलं, “मामा, तुमचा पहिला चेहरा कोणता?”

तिला सांगितलं ते इथेही लिहितो.

१९८१ चा श्रावण. मी दोन वर्षं आभाळ भरत होतो. बुधवारी संध्याकाळी मास्तरांना ताप भरला. नायक-नायिका करून झाली होती, वरच्या डाव्या कोपऱ्यातला खलनायक राहिला होता. मास्तर पोत्यावर आडवे पडले होते. त्यांनी मला हाक मारली, “कोल्हापूर, हिरवा घोट.” मी घोटला. मग ते म्हणाले, “आता लाव.” मी शिडीवर चढलो. पाच फुटी चेहरा होता. कपाळाला हिरवा, डोळ्याखाली किरमिजी, ओठाच्या कडेला पांढऱ्याचा एकच ठिपका. मास्तर पडल्या पडल्या बघत होते, काही बोलले नाहीत. रात्री दोनला मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. चेहरा माझ्याकडे बघत होता. गुरुवारी रात्री बॅनर चढलं आणि शुक्रवारी मी समोरच्या फुटपाथवर दोन तास उभा राहिलो. लोक वर बघायचे आणि पुढे जायचे.

सिनेमा आठवडाभर चालला. पुढच्या शुक्रवारी बॅनर उतरलं, कपडा शेडमध्ये आला. कपडा महाग, म्हणून त्याच कपड्यावर सफेदा मारून पुढचं चित्र काढायचं, हा रोजचाच रिवाज. सफेदा मारायचं काम अजून माझंच होतं. मी खालून सुरुवात केली, नायिका झाकली, नायक झाकला, अक्षरं झाकली, मग शिडी लावून कोपऱ्यात गेलो. दोन हात मारले तरी तो किरमिजी डोळा आतून दिसतच होता.

मास्तर खालून बघत होते. म्हणाले, “रंग चांगला धरलायस. तिसरा हात मार.”

मी ब्रश बादलीत बुडवला आणि तिसरा हात मारला.