पगाराचा दाखला

१८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं हिंदुस्थानांत प्राप्तिकर प्रथम बसविला. पुढें पगारांतूनच कर कापून घेण्याची जबाबदारी मालकावर आली; तेव्हां कापलेल्या पैशाचा पुरावा नोकराजवळ असणें अगत्याचें झालें. १९६१ च्या कायद्यांतील २०३ व्या कलमानें असा दाखला देणें मालकास बंधनकारक केलें, आणि २०५ व्या कलमानें कापलेला कर नोकराकडून पुन्हां मागण्यास मनाई केली.

आमच्या शाळेनें एके वर्षीं दाखलाच दिला नाहीं. कर दुसऱ्यांदा भरावा लागेल कीं काय, ही धास्ती होतीच. तथापि पगारचिठ्ठ्या व बँकेचें पासबुक यांवरून मीं विवरणपत्र मुदतींत भरलें. मालकाच्या हयगयीनें आपलें कर्तव्य टळत नाहीं. यास्तव पगाराचे कागद जपून ठेवावे.