चकाकीचा हिशेब मायक्रॉनमध्ये

सचिन तेंडुलकरची लाल फेरारी मराठी वाचकांच्या स्मरणात आहे ती प्रामुख्याने सीमाशुल्काच्या वादामुळे. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी २००२ मध्ये बरोबरी केल्याबद्दल फियाटने भेट दिलेली ही '३६० मोडेना' पुढील वर्षी शुल्कमाफीवरून गाजली आणि २०११ मध्ये सुरतच्या एका उद्योजकाला विकली गेली. या चर्चेत एक तांत्रिक बाब मागे पडली. या मॉडेलचा सांगाडा आणि बहुतांश बाह्यभाग पोलादाचा नसून ॲल्युमिनियमचा आहे. अशी स्पोर्ट्स कार रत्नागिरीसारख्या किनारी शहरात बाळगायची, तर तिच्या रंगाची निगा हा हौसेपेक्षा हिशेबाचा विषय ठरतो.

व्यावसायिक भाषेत या निगेला 'डिटेलिंग' म्हणतात. वॉशिंग सेंटरवरची धुलाई आणि डिटेलिंग यांत मूलभूत फरक असा, की पॉलिश करताना रंगावर काही चढवले जात नाही. उलट रंगाचा थर घासून कमी केला जातो. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यातील सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे भांडवल किती तुटपुंजे आहे ते कळते. ओरखडा नाहीसा होतो तो भरला गेल्यामुळे नव्हे, तर त्याच्या भोवतालचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणल्यामुळे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. तो संपला, की पुन्हा रंगकाम करण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणूनच जाणकार कारागीर यंत्र हाती घेण्याआधी जाडी मोजतो. येथेच ॲल्युमिनियमची अडचण येते. चुंबकीय मापक केवळ लोखंडावर चालतो; ॲल्युमिनियमसाठी एडी करंटचा, तर प्लॅस्टिक व कार्बन फायबरसाठी ध्वनिलहरींचा मापक लागतो. एकाच गाडीत हे सारे पदार्थ असू शकतात.

रत्नागिरीत रंगाला शत्रूही अनेक. जांभ्याच्या तांबड्या धुळीत लोहाचे ऑक्साइड असतात. कोरड्या फडक्याने ही धूळ पुसण्याची आपली सवय म्हणजे गाडीवर हलका पॉलिश कागद फिरवण्यासारखेच. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे बहुधा यातूनच उमटतात. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकट स्राव पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. शिवाय आरे-वारेच्या किनारी रस्त्यावरून आलेल्या गाडीवर क्षाराचा थर असतोच.

योग्य क्रम असा: आधी भरपूर पाणी, मग फेस, नंतर दोन बादल्यांची पद्धत, एक साबणाची, दुसरी हातमोजा खळबळण्यासाठी. धुऊनही चिकटून राहिलेले कण कणकेच्या गोळ्यासारख्या मऊ क्ले बारने उचलले जातात. कडा आणि रबर पट्टीने झाकून प्रथम हातभर जागेवर चाचणी घेतात. सर्वांत सौम्य पॅड आणि पॉलिशने काम भागत असेल, तर पुढची पायरी चढायची नाही. वेगाने एकाच दिशेत फिरणारे रोटरी यंत्र कडेवरचा रंग क्षणात जाळू शकते. फिरता फिरता हेलकावे घेणारे यंत्र त्या मानाने सुरक्षित. हे काम सावलीत, पत्रा थंड असतानाच करावे. शेवटी अल्कोहोलच्या द्रावणाने तेलकटपणा पुसला, की खरे चित्र दिसते. अनेक ठिकाणी ही पायरी वगळली जाते आणि लपलेले ओरखडे आठवड्याभरात पुन्हा डोके वर काढतात.

त्यावर वॅक्स किंवा सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग देतात. कोटिंगमुळे गाडी धुणे सोपे होते. ते चिलखत मात्र नव्हे. चाकाने उडवलेली खडी त्याला जुमानत नाही. त्यासाठी पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्मच हवी, आणि तीही निदान बॉनेट, पुढचा बंपर व चाकांमागच्या भागावर.

रत्नागिरीत खरा धोका या खडीचाच. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा यांमुळे टवका उडालेल्या जागेतून ॲल्युमिनियमवर पांढरट गंज धरतो आणि शाबूत दिसणाऱ्या रंगाखालून पसरत जातो. पोलादी स्क्रू जिथे ॲल्युमिनियमला भिडतात, तिथे हा वेग वाढतो. त्यामुळे खर्चाचा क्रम लावायचा, तर मे महिन्यात टवके शोधून बुजवणे पहिले. पॉलिशचे काम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरनंतर केले तरी चालते.