राजवाडे, पण नेमके कोणते?

मंडळी, इंग्रजी ग्रंथसूचीत 'व्ही. के. राजवाडे' दिसलं की आपण 'इतिहासाचार्य' म्हणून मोकळे होतो. जरा थांबा!

१८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली ती विश्वनाथ काशिनाथांनी. ते १९२६ साली वारले. भांडारकर संस्थेने १९४० मध्ये काढलेलं यास्काचं 'निरुक्त' मात्र वैजनाथ काशिनाथांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं. वडील एकच, त्यामुळे इंग्रजीत आद्याक्षरंही तीच! नासदीय सूक्तावर भाष्य लिहिणारे अहिताग्नी शंकर रामचंद्र राजवाडे तर तिसरेच.

म्हणून आडनावावर विसंबू नका. पूर्ण नाव, साल, विषय ताडून बघा. नाहीतर एकाची आयुष्यभराची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, आणि आपण तेच पुढे पाठवत बसतो.