मसाल्याचं पाकीट विकायचंय? कागद कुठले लागतात आणि पैसे कुठे लागत नाहीत

उन्हाळा लागला की गावोगावी मिरची कांडप सुरू होतं. घरापुरतं करता करता बऱ्याच महिला आणि बचत गट ऑर्डरी घ्यायला लागतात. ओळखीच्यात खपतंय तोवर कोणी काही विचारत नाही. पण तालुक्याच्या दुकानात पाकीट नेलं की दुकानदार आधी मागची बाजू बघतो. नंबर आहे का?

हा नंबर अन्न नोंदणीचा. सगळे 'फूड लायसन' म्हणतात, पण वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर लायसन लागत नाही, साधी नोंदणी पुरते. एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' पोर्टलवर अर्ज करायचा. सरकारी फी वर्षाला फक्त 100 रुपये. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता लागतो. जागा स्वतःची असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि भाड्याची असेल तर भाडेकरार जवळ ठेवा. अर्ज गेल्यावर 7 दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, नाहीतर जागेच्या तपासणीचं कळवायचं. मिळालेला 14 आकडी नंबर प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. सोबत बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, तारीख, किंमत आणि त्यात काय काय घातलंय तेही.

दुसरा कागद 'उद्यम'चा. इथं लोक जास्त फसतात. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. कागद अपलोड करावे लागत नाहीत, नूतनीकरणही नाही. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल (ओटीपी त्यावरच येतो) एवढं हाताशी असलं की झालं. पण गुगलवर शोधलं की सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट समोर येतात आणि 'फी' मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते बघूनच आधार नंबर टाका. सेवा केंद्रवाल्याला फॉर्म भरल्याची मजुरी देणं वेगळं आणि सरकारी फी म्हणून हजार-दीड हजार मोजणं वेगळं.

आणि एक घोळ नेहमीचा. उद्यम म्हणजे खाद्यपदार्थ विकायचा परवाना नव्हे. तो बँकेच्या कर्जाला, योजनेला कामाला येतो. दोन्ही कागद वेगवेगळे काढायचे.

दुकान थाटलंत, एक-दोन माणसं कामाला ठेवलीत, तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. 2017 च्या कायद्यापासून एवढ्या छोट्या दुकानाला नोंदणी दाखला आणि दरवर्षीचं नूतनीकरण नाही. जीएसटीचं टेन्शन आत्ताच नको. राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नंबर घ्यावा लागत नाही.

बचत गटांनी धंदा गटाच्या नावावर की एकीच्या, ते अर्जाआधीच ठरवावं. बँक खातं, उद्यम, अन्न नोंदणी सगळीकडे नाव तंतोतंत एकच हवं. आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं आडनाव असलं, तर कर्जाची फाईल तिथंच अडकते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांचं हे हमखास होतं.

कांडप मशीन घरच्या मीटरवर चालवू नका. महावितरणच्या तपासणीत सापडलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने बिल लागू शकतं. मशीन घ्यायच्या आधीच वेगळ्या कनेक्शनचा अर्ज टाका. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचं पासिंग दरवर्षी करायचं असतं, त्याचा दाखला दुकानात ठेवा.