हैदराबादचा क्लोरोफॉर्म

औरंगाबाद, बीड, नांदेड हे जिल्हे ज्या राज्यात मोडत, त्या निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली शेकडो मुक्या प्राण्यांना क्लोरोफॉर्म हुंगविण्यात आला. एडिंबरोच्या सिम्प्सनने १८४७ साली या क्लोरीनयुक्त द्रव्याने शस्त्रक्रियेतील वेदना हरण केली होती. परंतु पुढच्याच जानेवारीत पायाचे नख काढताना हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी दोन-तीन मिनिटांत दगावली. असे मृत्यू वाढू लागले, तसा वाद पेटला. आधी काय थांबते, मेंदूच्या हुकमतीत चालणारा श्वास की हृदय? भूल देणाऱ्याने श्वास पाहावा की नाडीवर बोट ठेवावे, हे त्या उत्तरावर अवलंबून होते.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. श्वास सांभाळा, हृदयाची चिंता नको, हे गुरुवचन त्यांना प्रमाण होते. पहिल्या चौकशीत त्यांनी भटक्या कुत्र्यांवर ते सिद्ध केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने मानले नाही. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले व लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. आले ते हृदयाच्या धोक्यावर विश्वास ठेवून! कुत्री, माकडे, शेळ्या, ससे, घोडेसुद्धा. चारशेहून अधिक प्राणी वापरले गेले. प्रयोगांत साहाय्य करणाऱ्यांत रूपाबाई फर्दुनजी ही वैद्यकीय शाळेची विद्यार्थिनीही होती. श्वास बंद पडेपर्यंत क्लोरोफॉर्म दिला जाई, आणि हृदय श्वासाच्या मागून थांबे. ब्रंटन यांनी मत बदलले. प्रामाणिक माणूस, पण या प्रसंगी प्रामाणिकपणा पुरला नाही.

केंब्रिजच्या गॅस्केल व शोर यांनी १८९३ साली एका प्राण्याच्या मेंदूस दुसऱ्याचे रक्त पुरविले आणि क्लोरोफॉर्म केवळ मेंदूपर्यंत पोहोचविला. रक्तदाब उतरला नाही. क्लोरोफॉर्म हृदयात गेला तेव्हा मात्र उतरला. श्वसन थांबते ते मेंदूमुळे, हे खरेच. पण हृदय निर्दोष नव्हते. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवर उरलेला उलगडा केला. भूल गाढ नसून हलकी असेल आणि रक्तात ॲड्रिनलिन, म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात स्रवणारे द्रव्य, मिसळेल, तर हृदय ठोके सोडून नुसते थरथरते व थांबते. हैदराबादेत भूल गाढ होत गेली, म्हणून हे दिसले नाही.

हॅना ग्रीनर खुर्चीत बसली तेव्हा भीतीने रडत होती.