कोऱ्या आभाळाची कुळकथा

छायाचित्राच्या चौकटीत मुख्य विषयाने व्यापलेल्या भागाखेरीज जो भाग उरतो, त्याला कलाशिक्षणाच्या परिभाषेत ऋण अवकाश म्हणतात; छायाचित्रकारांच्या बोलण्यात मात्र निगेटिव्ह स्पेस हेच नाव रूढ आहे. हा भाग आभाळाचा असो, पाण्याचा, भिंतीचा वा गडद सावलीचा असो, तो विषयाइतकाच रचनेचा घटक मानला जातो आणि त्याचा आकार, त्याचे वजन व त्याच्या कडा विचारपूर्वक ठरवल्या जातात. या दृष्टीचा उगम सांगताना सोंग राजवटीतील चिनी चित्रकलेपासून थेट आजच्या मितभाषी छायाचित्रांपर्यंत उडी मारण्याची प्रथा आहे. ही वंशावळ सोयीची असली तरी अपुरी आहे. कारण छायाचित्रातील पहिली रिकामी जागा सौंदर्यविचारातून नव्हे, तर रसायनांच्या उणिवेतून आलेली होती, आणि त्या उणिवेला गुणाची प्रतिष्ठा मिळायला जवळपास अर्धे शतक जावे लागले.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनांचा ओला थर देऊन ती काच लगोलग कॅमेऱ्यात घालावी लागे. हा थर निळ्या व जांभळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई, हिरव्याला अगदी मंदपणे आणि लाल रंगाला जवळजवळ मुळीच नाही. परिणामी झाडे, जमीन आणि दगडी बांधकाम नीट उमटेपर्यंत आभाळाचा भाग निगेटिव्हवर पूर्ण काळा पडे, आणि कागदावर छापल्यावर तेथे ढगांचा मागमूसही नसलेला पांढरा पट्टा दिसे. त्यावर डाग वा ओरखडे असले तर ते झाकण्यासाठी पुष्कळ छायाचित्रकार निगेटिव्हच्या त्या भागावर शाई किंवा काळा रंग फासून आभाळ आणखीच कोरे करत. या कोरेपणाचा संकोच किती होता, हे तो लपवण्याच्या खटाटोपावरून कळते. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५७ च्या सुमारास सेत येथील समुद्राचे दृश्य तयार करताना पाणी एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून घेऊन क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवले, तर ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी लिनिअस ट्राइप याने १८५५ साली ब्रह्मदेशात काढलेल्या काही कागदी निगेटिव्हांवर ढग चक्क हाताने रंगवले.

१८७३ मध्ये हेर्मान फोगेल याला थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास तो हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागा होतो असे आढळले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्व दृश्य रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या. कुळकथेच्या दृष्टीने हा टप्पा निर्णायक आहे. आभाळ तपशिलासह टिपता येऊ लागल्यानंतरच ते कोरे ठेवणे ही निवड ठरू शकत होती. त्याआधी ती केवळ नाइलाजाची खूण होती.

ही निवड कशी करावी, याचे शिक्षण आले ते पूर्वेकडून. सोंग दरबारातील चित्रकार मा युआन रेशमी पटाचा मोठा भाग मोकळा सोडून विषय एका बाजूला सारत असे, म्हणून त्याला ‘एका कोपऱ्याचा मा’ असे टोपणनाव पडले होते. हीच परंपरा जपानमध्ये रुजली आणि १८५० च्या दशकात त्या देशाची बंदरे पाश्चात्त्य व्यापाराला खुली झाल्यावर जपानी लाकूडठशांची चित्रे युरोपात पोहोचली. पीटर हेन्री एमर्सन या इंग्रज छायाचित्रकाराच्या ‘मार्श लीव्ह्‌ज’ (१८९५) या पुस्तकातील हिवाळी दलदलीची दृश्ये पाहिली, की हा संस्कार लेन्सपर्यंत येऊन ठेपल्याचे जाणवते. काही चित्रांत बारीक काटक्यांच्या ओळीपलीकडे जवळजवळ काहीच नाही.

तथापि खरा दुवा एमर्सन नव्हे, अमेरिकेतील आर्थर वेस्ली डाऊ हा चित्रकला-शिक्षक होता, आणि कलेतिहासात शिक्षकांच्या वाट्याला जी उपेक्षा येते ती त्याच्याही वाट्याला आली. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात जपानी कलेचा विभाग सांभाळणाऱ्या अर्नेस्ट फेनोलोसा याच्या सहवासात त्याने ‘नोतान’ हे तत्त्व आत्मसात केले. नोतान म्हणजे गडद व उजळ क्षेत्रांची परस्परसंबद्ध मांडणी. ‘कॉम्पोझिशन’ (१८९९) या पुस्तकात तो विद्यार्थ्याला वस्तू हुबेहूब काढायला सांगत नाही. चौकट रेषांनी कशी विभागली जाते आणि विभागलेला प्रत्येक तुकडा, मग तो वस्तूचा असो वा वस्तूंमधील फटीचा, आकार म्हणून कसा दिसतो, हे तो आधी तपासायला लावतो. त्याच्या वर्गात शिकलेल्या अल्व्हिन लँगडन कोबर्न याचे ‘द ऑक्टोपस’ हे न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकाचे उंचावरून घेतलेले छायाचित्र म्हणजे या धड्याचा जणू पुरावाच आहे: सारा विस्तार बर्फाचा, त्यात पायवाटांचे काळसर बाहू, आणि बर्फ काढून टाकला तर चित्रच उरत नाही. १९०७ मध्ये डाऊने क्लॅरेन्स व्हाइट याला कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात छायाचित्रण शिकवायला बोलावले. पुढे व्हाइटने स्वतःची शाळा काढली आणि या विचाराची पुढची पिढी तिथे घडली.

मासिकांच्या जगात रिकाम्या जागेला पैशाचे मोल होते, कारण पानाचा प्रत्येक इंच विकता येत असे. तरीही ‘हार्पर्स बझार’चा कलासंचालक अलेक्सी ब्रोडोविच याने १९३४ पासून पांढऱ्या पानाचा मुक्त वापर केला. त्याच मासिकासाठी १९४६ साली आर्नोल्ड न्यूमन याने संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की याचे छायाचित्र घेतले आणि निगेटिव्हचा बराचसा भाग छाटून ते सिद्ध केले. त्यात माणूस डाव्या तळकोपऱ्यात दाटलेला असून उरलेली चौकट पियानोच्या उघड्या काळ्या झाकणाने आणि मागच्या फिक्या भिंतीने व्यापली आहे. ते झाकण पाश्चात्त्य स्वरलिपीतील कोमल स्वराच्या खुणेसारखे दिसते, आणि तो आकार झाकणाइतकाच सभोवतालच्या भिंतीने घडवलेला आहे. गंमत अशी, की रिकाम्या जागेचा एवढा पुरस्कर्ता असूनही ब्रोडोविचने हे छायाचित्र नाकारले. १९५९ साली डॉयल डेन बर्नबाख या जाहिरातसंस्थेत हेल्मुट क्रोन याने फोक्सवागेनची चिमुकली मोटार विस्तीर्ण कोऱ्या पार्श्वभूमीवर वरच्या बाजूला ठेवली, आणि ठळक ओळीसह सगळा मजकूर त्या पोकळीच्या खाली, पानाच्या तळाशी नेला.