सिद्धरामाची तीन वये

अक्कलकोटाहून दुधनीकडे जाणाऱ्या वाटेवर मैंदर्गी लागते. तेथील काळ्या रानात शाळू हुरड्याला येतो त्याच सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा भरतो, आणि घरी कन्नड व कचेरीत मराठी बोलणारा या हद्दीवरचा शेतकरी संक्रांतीची ही यात्रा आपल्या वर्षाच्या हिशेबात पेरणी-काढणीइतकीच पक्की धरून चालतो. सिद्धेश्वर म्हणजेच शिवयोगी सिद्धराम; त्याचे चमत्कार येथे सर्वांना तोंडपाठ आहेत. परंतु मला या चरित्रात चमत्कारांहून मोलाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. माणूस वयात आल्यावर, किंबहुना कर्तृत्वाच्या ऐन भरात असताना, त्याचा स्वभाव पालटू शकतो काय, आणि पालटतो तेव्हा त्यातले नेमके काय पालटते, या प्रश्नाचा विचार आमच्या मुलखाने बाराव्या शतकापासून या एका आयुष्याच्या आधाराने केलेला आहे.

त्या काळी सोलापूर हे सोन्नलगी नावाचे लहानसे गाव होते. तेथे मुद्दगौडा आणि सुग्गलव्वा या दांपत्याच्या पोटी, रेवणसिद्धांच्या आशीर्वादाने, सिद्धराम जन्मला असे परंपरा सांगते. आणि तीच परंपरा, काहीही न लपवता, हेही सांगते की हा मुलगा बोलेना, कोणात मिसळेना, म्हणून घरच्यांनी त्याला मंद समजून गुरे राखायला आणि शेताची राखण करायला धाडले. एके दिवशी एक जंगम शेतावर आला. मुलाने त्याला हुरडा भाजून दिला. पाहुणा म्हणाला, पोटात आग पडली आहे, दहीभात आण. मुलगा धावत घरी गेला, आईकडून दहीभात घेऊन परतला, तो बांधावर कोणी नाही. त्या पाहुण्याच्या नावाने 'मल्लय्या, मल्लय्या' असा आक्रोश करीत तो यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलापर्यंत गेला, आणि तेथेही भेट होईना तेव्हा कड्यावरून स्वतःला लोटून देण्यास सिद्ध झाला. त्या क्षणी श्रीशैलाच्या देवाने, मल्लिकार्जुनाने, हात धरून त्याला मागे ओढले आणि गावी परतून लोकांच्या कामाला लागण्याची आज्ञा दिली. कथेतला दैवी भाग श्रद्धेवर सोडला तरी एक गोष्ट उरतेच: गावशिवेबाहेर पाऊल न टाकलेले ते अबोल पोर एका हरवलेल्या पाहुण्यापायी पालटून परत आले.

परत आला तो कर्ता पुरुष होऊन. त्याने सोन्नलगीला दुसरे श्रीशैल करण्याचे मनावर घेतले, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, देवालय उभारले, तळे खोदविले. शेकडो हातांना कामाला लावायचे, त्यांच्या भाकरीची सोय पाहायची, कोणाचे भांडण मिटवायचे, हा सगळा कारभार मूक गुराख्याच्या अंगी कोठून आला असेल? राघवांक या कन्नड कवीने पुढे सिद्धरामाचे चरित्र काव्यात गायिले, त्यातही हा बांधणारा, सामूहिक पुण्याची चिंता वाहणारा सिद्धराम ठळकपणे दिसतो. पुष्कळशा सत्पुरुषांची चरित्रे येथेच संपली असती, कारण परतून आलेला, कीर्ती पावलेला, लोकमान्य झालेला मनुष्य आणखी पालटावा अशी गरज सहसा कोणाला वाटत नाही.

परंतु या चरित्राचा खरा गाभा यापुढेच आहे, आणि तो पंधराव्या शतकात, विजयनगरच्या अमदानीत, संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या ग्रंथाने जपून ठेवला. शिवशरण अल्लमप्रभू हिंडत हिंडत सोन्नलगीस आले. तळ्याचे काम चालले होते. माती वाहणाऱ्या माणसांना उद्देशून त्यांनी मोठ्याने विचारले की तो दगडमाती खोदणारा वडार सिद्धराम कोठे आहे. आपल्या धन्याचा असा उल्लेख ऐकून कामकऱ्यांना संताप आला आणि त्यांनी त्या परक्या जोग्यावर दगडांचा वर्षाव केला. दगड त्याला लागेनात. बातमी पोहोचताच सिद्धराम स्वतः आला, आणि ज्याने आयुष्यभर लोकांसाठी पाणी साठविले त्याच्या कपाळीच्या डोळ्यातून आग बाहेर पडली. अल्लमांपुढे ती आग निष्प्रभ झाली. त्यांनी जे दाखवून दिले त्याचा मथितार्थ इतकाच, की देवालये बांधून झाली, तळी खोदून झाली, तरी 'हे मी केले' हा अहंकार आत शाबूत असेल तर एवढ्या श्रमांनी तुझे स्वतःचे काय झाले? हा प्रश्न अपमानाच्या रूपाने आला म्हणूनच तो आत उतरला, असे मला वाटते. स्तुतीची सवय जडलेल्या माणसाला नम्र भाषेतला उपदेश ऐकू येत नाही. सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणास गेला; तेथे बिज्जल राजाच्या राज्यात बसवण्णांनी जमविलेल्या शिवभक्त शरणांच्या मेळाव्यात बसला; प्रारंभी अंगावर धारण करायच्या इष्टलिंगाची आवश्यकता त्याला पटत नव्हती, वाद झाले, आणि अखेरीस चन्नबसवण्णांकडून, म्हणजे वयाने आपल्याहून पुष्कळच लहान असलेल्या पुरुषाकडून, त्याने दीक्षा घेतली. कीर्तिमान मनुष्याने हे करणे किती अवघड असते हे कोणत्याही गावच्या कारभाऱ्याला विचारावे.

आता या तीन वयांत काय पालटले आणि काय तसेच राहिले? हट्ट तोच राहिला. पाहुण्यासाठी कड्याच्या टोकापर्यंत जाणारे पोर, तळे पुरे झाल्यावाचून न थांबणारा बांधकरी आणि पटल्याशिवाय दीक्षा न घेणारा साधक, हे तिघे एकाच मुशीतले आहेत. पालटली ती त्या हट्टाची दिशा, आणि प्रत्येक वेळी ती पालटली तेव्हा नुसता विचार नव्हे तर एक नवे काम, एक नवी मंडळी आणि त्यांच्यापुढची नवी जबाबदारी त्याच्या वाट्याला आली होती. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली असे मत मांडले की तिशी उलटली म्हणजे बहुतेकांचा स्वभाव गिलाव्यासारखा घट्ट होतो. हे मत पुष्कळ काळ प्रमाण मानले गेले; मात्र 2006 साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच माणसांची वर्षानुवर्षे पाहणी झालेल्या 92 नमुन्यांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा असे दिसले की विशी ते चाळिशीच्या दरम्यान माणसे सरासरीने अधिक जबाबदार आणि अधिक स्थिरचित्त होत जातात, आणि पालट त्यानंतरही थांबत नाही. नोकरी, संसार, अपत्य अशी कामे अंगावर पडतात आणि ती निभावता निभावता माणूस त्यांच्याजोगा होतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मैंदर्गीतल्या कोणाही वृद्ध स्त्रीला यात नवल वाटणार नाही. थोरल्या दिराच्या पश्चात घराचा कारभार धाकट्या, उनाड म्हणून गाजलेल्या दिराच्या हाती आला आणि दोन सुगींत तो मुकाट्याने बांधावर उभा राहू लागला, अशी उदाहरणे तिने गावात पाहिलेली असतात.

अंगावर पडलेले काम माणसाला घडविते, हे तत्त्व गड्ड्याच्या यात्रेतही वागविले गेले आहे. सिद्धरामाशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येचे लग्न त्याच्या योगदंडाशी लागले, या कथेचे स्मरण म्हणून सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. या नंदीध्वजांची काठी पेलण्याचा मान निरनिराळ्या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या मुक्रर आहे. पांढरी बाराबंदी घातलेला तरुण कमरेच्या पट्ट्यात ती उंच काठी तोलून उभा राहतो तेव्हा त्याची मान ताठ आणि नजर वर, शेंड्याकडे लागलेली असते. यात्रेआधी कितीतरी दिवस सराव करून त्याने हा तोल कमावलेला असतो, आणि काठी डगमगली तर आपल्या घराण्याकडे बोट दाखविले जाईल हे तो जाणतो.

याच सोलापुरात, याच यात्रेच्या गावात, विसाव्या शतकात एक अगदी उलट विचार तारेच्या कुंपणाच्या रूपाने उभा राहिला, हे सांगताना मला दुःख होते. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने काही जमातींतली सगळी माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. 1911 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला, आणि सोलापुरात अशा कुटुंबांची वसाहत झाली. लोक तिला सेटलमेंट म्हणत. कैकाडी, पारधी, मांगगारुडी अशा घरांतली माणसे तेथे हजेरी देत, पासाशिवाय बाहेर पडू शकत नसत, आणि दिवसभर गिरण्यांत साच्यावर उभी राहत. स्वभाव रक्तातून येतो आणि पालटत नाही, असे दप्तरी लिहून ठेवणारे सरकार त्यांना रोज कामाला पाठवीत होते, आणि ते काम ही माणसे चोख करीत होती. तेथल्या कारभाऱ्यांनाही शेवटी ते मान्य करावे लागले, कारण वर्तणूक चांगली ठरलेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेर घरे देण्याची पद्धत पडली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु कुंपणाबाहेरची ती वस्ती आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' याच नावाने ओळखली जाते. तेथल्या मुलांना शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर तोच पत्ता लिहावा लागतो, आणि अर्ज वाचणाऱ्याच्या मनात त्या पत्त्याने काय येते यावर अजूनही पुष्कळ काही अवलंबून राहते.